फ्रेंच रिव्हिएराचा कलाप्रवास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर जाणारे आपल्याकडचे अनेक पर्यटक मोनॅकोच्या कॅसिनोसमोर छायाचित्र काढतात, नीसच्या समुद्रकाठी एक फेरी मारतात आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या शहराकडे निघतात. या किनाऱ्याचे खरे वैभव मात्र डोंगरउतारावरच्या लहान गावांत, चॅपलांत म्हणजे छोट्या प्रार्थनागृहांत आणि चित्रकारांच्या जुन्या घरांत आहे. तेथे सावकाश जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरे तयार केली आहेत.

फ्रेंच रिव्हिएरा म्हणजे नेमका कोणता प्रदेश?

त्याची कायद्याने आखलेली सीमा नाही. सर्वसाधारणपणे पश्चिमेला सें-त्रोपेपासून पूर्वेला इटलीच्या हद्दीला टेकलेल्या मांतों या गावापर्यंतचा भूमध्य सागराचा किनारा या नावाने ओळखला जातो. मोनॅको हे स्वतंत्र राज्य याच पट्ट्यात येते. फ्रेंच लोक या किनाऱ्याला कोत दाझूर म्हणतात. नीस हे येथील सर्वांत मोठे शहर १८६० पर्यंत सार्डिनियाच्या राज्यात होते आणि त्यानंतर ते फ्रान्समध्ये सामील झाले, हे लक्षात ठेवले की जुन्या नीसमधील गेरू व पिवळ्या रंगांची घरे, बरोक शैलीतील चर्च आणि स्वयंपाकातील इटालियन वळण यांचा उलगडा आपोआप होतो. मांतों आणि रोकब्रून ही गावे तर मोनॅकोच्या राजाने १८६१ मध्ये फ्रान्सला विकली.

आज उन्हाळ्यात गजबजणारा हा किनारा मूळचा हिवाळी मुक्कामाचा होता. थंडी आणि धुके टाळण्यासाठी इंग्रज व रशियन श्रीमंत येथे येत. नीसचा प्रसिद्ध समुद्रकाठचा रस्ता, प्रोमनाद देझांग्ले, हा १८२०च्या दशकात तेथील इंग्रज रहिवाशांनी वर्गणी काढून सुरू केलेल्या पायवाटेतून वाढला. हिवाळी पर्यटनातून घडलेले शहर म्हणूनच युनेस्कोने २०२१ मध्ये नीसला जागतिक वारसा यादीत स्थान दिले.

इतके चित्रकार याच किनाऱ्यावर का आले?

पहिले कारण प्रकाश. उत्तरेकडे आल्प्सच्या रांगा थंड वारे अडवतात, त्यामुळे हिवाळ्यातही आकाश बराच काळ निरभ्र असते आणि सावल्यांनाही रंग येतो. दुसरे कारण रेल्वे, जी १८६४ मध्ये नीसला पोहोचली. क्लोद मोने यांनी १८८८ मध्ये आंतीब येथे चित्रे काढली, पॉल सिन्याक १८९२ मध्ये शिडाच्या होडीने सें-त्रोपेला आले आणि तेथेच घर करून राहिले. ओग्यूस्त रन्वार यांना संधिवाताने येथे आणले. ऑंरी मातीस १९१७ च्या अखेरीस नीसला आले आणि १९५४ मध्ये मृत्यू येईपर्यंत या परिसराशी बांधलेले राहिले.

येथील चित्रे पॅरिसच्या मोठ्या संग्रहालयांतील चित्रांपेक्षा श्रेष्ठ आहेत असा दावा कोणी करणार नाही. फरक इतकाच की, चित्र जेथे काढले गेले ती खिडकी, ती बाग किंवा ती भिंत येथे अद्याप जागेवर आहे आणि चित्र पाहून बाहेर आल्यावर त्यातलाच प्रकाश आपल्या अंगावर पडतो.

मुक्काम कोठे करावा? रोज हॉटेल बदलावे का?

बदलू नये. नीस रेल्वे स्थानकाच्या किंवा ट्रामच्या जवळ एकच मुक्काम ठेवावा आणि रोज सकाळी एका दिशेला जाऊन संध्याकाळी परतावे. किनाऱ्याला समांतर धावणारी प्रादेशिक रेल्वे पश्चिमेला कान्य-सूर-मेर, आंतीब, कान आणि पूर्वेला विलफ्रांश, मोनॅको, मांतों या सर्व गावांना जोडते. नीसहून कानला साधारण अर्धा ते पाऊण तास, मोनॅकोला सुमारे पंचवीस मिनिटे आणि मांतोंला चाळीस मिनिटांच्या आत पोहोचता येते. विलफ्रांश ते मोनॅको या टप्प्यात गाडी अगदी पाण्याला लागून बोगद्यांमधून जाते. जाताना उजव्या बाजूला खिडकीची जागा धरावी.

सें-पोल-द-वांस, वांस आणि एझ ही टेकडीवरची गावे रेल्वेवर नाहीत, तेथे बसने जावे लागते. मोटार भाड्याने घेण्याचा मोह होतो, परंतु अरुंद रस्ते, महाग वाहनतळ आणि जुलै-ऑगस्टमधील कोंडी पाहता कलेसाठी आलेल्या प्रवाशाला मोटारीचा उपयोग कमी आणि मनस्ताप अधिक. फ्रान्समध्ये रेल्वेचे संप अधूनमधून होतात व त्यांची पूर्वसूचना दिली जाते, म्हणून आदल्या संध्याकाळी वेळापत्रक पाहण्याची सवय ठेवावी. विमान पकडण्याच्या दिवशी तर ती ठेवावीच.

नीसला पोहोचावे कसे?

आखाती देशांतील किंवा युरोपातील एखाद्या मोठ्या विमानतळावर विमान बदलून मुंबईहून नीसला जाता येते. नीसचा विमानतळ शहराला खेटून आहे आणि ट्राम थेट विमानतळाच्या इमारतींपासून शहराच्या मध्यापर्यंत जाते. पॅरिसहून वेगवान रेल्वेने साधारण पावणेसहा तास लागतात. मार्सेय सोडल्यानंतर, विशेषतः सें-राफाएलच्या पुढे, लाल खडकांचा एस्तेरेल डोंगर आणि निळे पाणी एकाच वेळी दिसू लागते आणि तो तास विमानाने जाणाऱ्यांच्या वाट्याला येत नाही.

कोणता ऋतू योग्य?

मे महिन्याचा पूर्वार्ध किंवा सप्टेंबर. मेच्या मध्यानंतर कानचा चित्रपट महोत्सव सुरू असतो आणि आसपासच्या हॉटेलांचे दर आकाशाला भिडतात. जुलै आणि ऑगस्टमध्ये ऊन, गर्दी आणि भाव तिन्ही एकदम चढतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येथे कधीकधी अतिशय जोरदार पाऊस कोसळतो. ज्यांना समुद्रस्नानाची ओढ नाही त्यांनी फेब्रुवारीचा विचार अवश्य करावा, कारण त्या महिन्यात नीसचा कार्निव्हल आणि मांतोंचा लिंबू महोत्सव असतो. मांतोंत लिंबू-संत्र्यांनी मढवलेल्या प्रचंड प्रतिकृती उभारल्या जातात. हवेत गारवा असतो, पण संग्रहालये निवांत मिळतात.

वेळ थोडा असेल तर एकच ठिकाण कोणते पाहावे?

वांस येथील रोझरी चॅपल. याबाबत मतभेद होतील, कारण इमारत लहान आहे आणि पाहायला अर्धा तासही पुरतो.

१९४१ मध्ये पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर मातीस बरेचसे अंथरुणाला खिळले होते. त्या काळात मोनिक बूर्ज्वा या तरुण परिचारिकेने त्यांची शुश्रूषा केली. पुढे ती डॉमिनिकन पंथाची जोगीण झाली आणि वांसमध्ये तिच्या मठाला प्रार्थनागृहाची गरज आहे हे कळल्यावर, स्वतः धार्मिक नसलेल्या मातीस यांनी १९४८ ते १९५१ या काळात वास्तूची रचना, रंगीत काचा, भित्तिचित्रे, वेदी आणि धर्मगुरूंची वस्त्रे हे सर्व काम अंगावर घेतले. लांब काठीच्या टोकाला कोळसा बांधून ते मोठ्या आकृत्यांचा सराव करत. चॅपलमधील पांढऱ्या चकचकीत फरशांवर केवळ काळ्या रेषा आहेत, त्यांत संत डॉमिनिक यांना चेहराच नाही. रंग फक्त काचांना : पिवळा, हिरवा आणि निळा. ऊन काचेतून आले की हे तीन रंग पांढऱ्या भिंतीवर आणि जमिनीवर उतरतात आणि तासातासाला सरकतात. म्हणून येथे हिवाळ्यातील सकाळी, अकराच्या सुमारास जावे असे सांगतात. ढगाळ दिवशी गेल्यास अर्धे चॅपल पाहायचे राहून जाते. मातीस यांनी या कामाला आपली सर्वोत्तम कृती मानले होते.

हे आजही प्रार्थनास्थळ आहे. दर्शनाच्या वेळा मर्यादित असतात, आत छायाचित्रे काढण्यास सहसा मनाई असते आणि खांदे झाकणारा पोशाख अपेक्षित असतो.

मातीस आणि शगाल यांची नीसमधील संग्रहालये एकाच दिवशी होतात का?

होतात. दोन्ही सिमिए या टेकडीवरील भागात आहेत. मातीस संग्रहालय सतराव्या शतकातील लाल रंगाच्या वाड्यात, रोमन अवशेषांच्या शेजारी आणि ऑलिव्हच्या बागेत आहे. जवळच्याच मठाच्या दफनभूमीत मातीस यांची समाधी आहे. मार्क शगाल यांचे राष्ट्रीय संग्रहालय १९७३ मध्ये खुद्द चित्रकाराच्या उपस्थितीत उघडले गेले. बायबलवर आधारित सतरा मोठ्या चित्रांसाठीच ही इमारत बांधली असल्याने प्रत्येक चित्राला हवी तेवढी भिंत आणि हवा तेवढा प्रकाश मिळतो. त्यांतील ‘गीतरत्न’ या प्रेमकाव्यावरील पाच गुलाबी-तांबड्या चित्रांचे दालन शेवटी ठेवावे.

एक सूचना : ही दोन्ही संग्रहालये मंगळवारी बंद असतात, बियोत येथील फेर्नां लेजे यांचे संग्रहालयही मंगळवारीच बंद असते, तर आंतीबचे पिकासो संग्रहालय सोमवारी. आठवड्याची आखणी या वारांवरूनच सुरू करावी.

पिकासोची ठिकाणे कोणती?

तीन : आंतीब, वालोरिस आणि मूजें. १९४६ च्या शरद ऋतूत आंतीबच्या समुद्राकाठच्या ग्रिमाल्दी किल्ल्याचा एक भाग पाब्लो पिकासो यांना चित्रशाळा म्हणून देण्यात आला. युद्ध नुकतेच संपले होते, कॅनव्हास आणि तैलरंग मिळणे कठीण होते, म्हणून त्यांनी सिमेंटच्या पत्र्यांवर आणि प्लायवुडवर होड्यांना लावायचा रंग वापरून चित्रे काढली. त्या दोन महिन्यांतील तेवीस चित्रे आणि चव्वेचाळीस रेखाटने त्यांनी तेथेच ठेवली आणि आज ती त्याच किल्ल्यात पाहता येतात. माशांची, समुद्री साळूंची आणि नाचणाऱ्या बकऱ्यांची ही चित्रे पाहून खिडकीबाहेर नजर टाकली की त्यांचा जन्म कोठून झाला हे विचारावे लागत नाही.

वालोरिस हे कुंभारांचे गाव. तेथील मादुरा कार्यशाळेत पिकासो मातीकामात रमले आणि त्यांच्यामुळे मंदावलेल्या व्यवसायाला पुन्हा गिऱ्हाईक मिळाले. गावच्या चौकात त्यांचे मेंढी धरलेल्या माणसाचे शिल्प आहे आणि जुन्या चॅपलमध्ये ‘युद्ध आणि शांती’ हे कमानभर पसरलेले चित्र. मूजें येथे त्यांचे १९७३ मध्ये निधन झाले. गाव सुंदर आहे, पण पिकासोच्या शोधात तेथे गेल्यास हाती फारसे लागत नाही.

गर्दी टाळून पाहण्यासारखे आणखी काही?

कान्य-सूर-मेर येथील रन्वार यांचे घर. १९०७ मध्ये त्यांनी हा मळा विकत घेतला तो मुख्यत्वे तेथील जुनी ऑलिव्हची झाडे तोडली जाऊ नयेत म्हणून, आणि बोटे वाकडी झालेली असतानाही १९१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथे चित्रे काढली. झाडे अजून उभी आहेत. विलफ्रांशच्या बंदरावर कोळ्यांचे सेंट पीटर चॅपल आहे, ज्याच्या भिंती जां कोक्तो यांनी १९५७ मध्ये रंगवल्या.

सें-पोल-द-वांसबाहेर पाइनच्या झाडीत वसलेले माग फाउंडेशन गर्दीचे असले तरी वगळू नये. १९६४ मध्ये उघडलेली ही वास्तू जोसेप लुइस सेर्त यांनी रचली. अंगणात जियाकोमेत्ती यांच्या किडकिडीत मानवाकृती आणि पायऱ्यापायऱ्यांच्या बागेत मिरो यांची शिल्पे आहेत. खुद्द सें-पोल गाव दुपारी दुकानांच्या गर्दीत हरवते, म्हणून सकाळी लवकर जाऊन दफनभूमीतील शगाल यांच्या समाधीपर्यंत चालून यावे आणि मग फाउंडेशनकडे वळावे.

वास्तुकलेत रस असलेल्यांनी काय पाहावे?

रोकब्रून-काप-मार्तें. येथे ल कॉर्बुझिए यांची लाकडी झोपडी आहे, ३.६६ मीटर लांब आणि तितकीच रुंद. चंदीगडचे कॅपिटॉल संकुल आणि ही झोपडी युनेस्कोच्या २०१६ मधील एकाच नोंदीत समाविष्ट आहेत. एका राज्याची राजधानी आणि एका माणसाची खोली एकाच वास्तुकाराने एकाच दशकात रचली, ही गोष्ट भारतीय प्रवाशाला येथे विशेष जाणवते. शेजारीच वास्तुकार आयलीन ग्रे यांचे १९२९ मध्ये पूर्ण झालेले ‘ई-१०२७’ हे समुद्राभिमुख घर आहे. त्याच्या भिंतींवर ल कॉर्बुझिए यांनी ग्रे यांची परवानगी न घेता भित्तिचित्रे रंगवली आणि त्याबद्दल ग्रे यांनी व्यक्त केलेली नाराजी सर्वस्वी न्याय्य होती. २७ ऑगस्ट १९६५ रोजी ल कॉर्बुझिए याच किनाऱ्यावर पोहताना मरण पावले. दोन्ही वास्तू मार्गदर्शकासोबतच पाहता येतात आणि जागा आधी राखून ठेवावी लागते.

कानच्या चित्रपट महोत्सवात सामान्य प्रेक्षकाला प्रवेश मिळतो का?

मुख्य स्पर्धेचे खेळ प्रामुख्याने चित्रपट व्यवसायातील लोक आणि पत्रकारांसाठी असतात. मात्र समुद्रकाठच्या वाळूवर रात्री दाखवले जाणारे चित्रपट सर्वांसाठी विनामूल्य असतात आणि दिग्दर्शकांच्या समांतर विभागाची तिकिटे सामान्य प्रेक्षकांनाही घेता येतात. १९४६ च्या पहिल्या महोत्सवात चेतन आनंद यांच्या ‘नीचा नगर’ला सर्वोच्च पुरस्कार अन्य चित्रपटांसोबत विभागून मिळाला होता. २०२४ मध्ये पायल कपाडिया यांच्या, मुंबईत सुरू होऊन रत्नागिरीच्या किनाऱ्यावर पोहोचणाऱ्या ‘ऑल वी इमॅजिन अॅज लाइट’ला ग्राँ प्री हा पुरस्कार मिळाला. महोत्सव नसताना कानमध्ये कलाप्रेमींसाठी थोडेच आहे. त्यापेक्षा शेजारच्या ल काने या गावातील चित्रकार पिएर बोनार यांच्या संग्रहालयात जावे.

सें-त्रोपे आणि मोनॅको वगळले तर चालेल का?

मोनॅकोला अर्धा दिवस पुरे. सें-त्रोपेला रेल्वे जात नाही, सें-राफाएलहून बस किंवा उन्हाळ्यात बोट घ्यावी लागते. तेथील अनोंसियाद संग्रहालयात सिन्याक आणि त्यांच्या समकालीनांची उत्तम चित्रे आहेत. केवळ श्रीमंतांच्या नौका पाहायच्या असतील तर आंतीबच्या बंदरावर त्या फुकट दिसतात.

ग्रास या अत्तरांच्या गावाला जावे का?

कानहून रेल्वेने जाता येते. चामडे कमावणाऱ्यांच्या या गावात हातमोज्यांना सुगंध देण्याच्या प्रथेतून अत्तराचा व्यवसाय वाढला आणि येथील सुगंधविद्येला २०१८ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारसा यादीत स्थान मिळाले. गुलाब मे महिन्यात, तर मोगऱ्याच्या कुळातील जाई ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत खुडली जाते. अत्तर कंपन्यांच्या मोफत फेऱ्या शेवटी दुकानातच सोडतात, म्हणून आधी आंतरराष्ट्रीय सुगंध संग्रहालय पाहावे.

शाकाहारी माणसाचे जेवणाचे काय?

नीसचा सोक्का हा हरभऱ्याचे पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ यांचा लाकडाच्या भट्टीत भाजलेला पातळ पदार्थ आहे. बेसनाच्या धिरड्याची सवय असलेल्या जिभेला तो परका वाटत नाही, फक्त वरून मिरपूड भरपूर घालून घ्यावी. भोपळ्याच्या कुळातील कुर्जेत या भाजीच्या फुलांची भजी आणि रातातुई ही भाज्यांची मिसळ हेही बिनधास्त खावे. सावध राहावे ते पिसालादिएर या कांद्याच्या रोटीबाबत, कारण तिच्यावर आंशवा हे खारवलेले मासे असतात. पां बान्या या पावातही मासे असतात. ‘मांस नको’ एवढेच सांगितल्यास मासे चालतात असा समज होऊ शकतो, म्हणून दोन्ही स्पष्ट सांगावे. स्वयंपाकघर असलेली खोली घेऊन जुन्या नीसमधील कूर सालेयाच्या बाजारातून भाजी आणणे सर्वांत सोयीचे. सोमवारी मात्र तेथे भाजीऐवजी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो.

उपाहारगृहात दुपारचे ठरावीक जेवण रात्रीपेक्षा स्वस्त पडते आणि नळाच्या पाण्याची सुरई मागितल्यास पैसे पडत नाहीत. दुकानात शिरताच ‘बोंझूर’ म्हणणे हा येथील साधा शिष्टाचार आहे. तो न पाळता थेट प्रश्न विचारणे उद्धटपणाचे मानले जाते.

ज्येष्ठांना हा प्रवास झेपेल का?

नीस, आंतीब आणि मांतों येथे सपाट चाल भरपूर आहे. एझ आणि सें-पोलमध्ये दगडी चढ व पायऱ्या आहेत, गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी एझ सोडून द्यावे. नीसचा किनारा गोट्यांचा असल्याने पाण्यात उतरताना रबरी जोडे लागतात. वाळू हवी असेल तर कान किंवा ज्वां-ले-पें येथे जावे.

व्हिसासाठी काय करावे?

फ्रान्सचा अल्पकालीन शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, मुंबई व पुणे येथे अर्जकेंद्रे आहेत, प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे आणि किमान ३० हजार युरोंचे वैद्यकीय विमासंरक्षण आवश्यक असते. मोनॅकोसाठी वेगळा व्हिसा लागत नाही. इटली जोडायची असेल तर ज्या देशात अधिक रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करावा.

मार्सेय या प्रवासात जोडावे का?

नीसहून रेल्वेने अडीच-पावणेतीन तास लागतात आणि शहराचा स्वभाव रिव्हिएराहून अगदी वेगळा, बंदराचा व कष्टकऱ्यांचा आहे. मराठी प्रवासी तेथे आणखी एका कारणाने जातात. ८ जुलै १९१० रोजी वि. दा. सावरकर यांनी ‘मोरिया’ बोटीतून याच बंदरात उडी घेतली आणि पोहत धक्का गाठला. फ्रेंच शिपायाने त्यांना पकडून ब्रिटिशांच्या हवाली केले आणि हे प्रकरण हेगच्या लवाद न्यायालयापर्यंत गेले. येथे किमान एक रात्र राहावे, नीसहून सकाळी जाऊन संध्याकाळी परतण्याचा आग्रह धरू नये.

सीमेपलीकडे इटलीत एका दिवसात जाऊन येता येते का?

नीसहून त्याच रेल्वेने सुमारे पाऊण-एक तासात व्हेंटिमिल्या येते. शुक्रवारी तेथे मोठा बाजार भरतो, त्या दिवशी गाड्यांना गर्दी असते आणि पाकीटमारांपासून जपावे लागते. परतताना फ्रेंच पोलीस मांतोंच्या स्थानकावर गाडीत कागदपत्रे तपासतात, म्हणून मूळ पासपोर्ट हॉटेलात ठेवून जाऊ नये.